एकादशी, दिवेघाट आणि वाजत राहिलेले टाळ

माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा पुणे ते सासवड. तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि वर ज्येष्ठ वद्य एकादशी! आळंदीहून अष्टमीला प्रस्थान, मग पुण्यात मुक्काम, की एकादशी नेमकी इथंच येते. सगळ्यात जास्त चालायचं त्या दिवशी पोटात फक्त साबुदाणा आणि केळी.

आमची दिंडी रथामागची. मंडळी बहुतेक परभणीकडची, शिवाय माझ्यासारखे भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे, भरून आलेले काही पुणेकर. सामानाचा ट्रक पहाटेच पुढं गेला होता. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पालखी निघाली तेव्हा बारीक पाऊस होता, आणि शेजारच्या मावशींनी डोक्यावर तुळस घेऊन वर इरलं घ्यावं तसा प्लास्टिकचा कागद ओढला होता. हडपसरपर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत.

पुण्यातून बाहेर पडेपर्यंत चालणं कमी आणि घेणं जास्त. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खिचडीचे द्रोण, चहा. कुणी फुकट दाढी करून देतंय, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतंय. हे दोघं मला फार मोलाचे वाटतात. वाटपवाल्यांचा हेतू चांगलाच, पण केळ्याच्या सालींचा खच पडलेल्या रस्त्यावरून अनवाणी म्हातारी माणसं चालतात, तेव्हा एखादं पोतं सालींसाठी ठेवायला काय हरकत आहे? बिस्किटंही मिळतात. ती उपासाला चालत नाहीत, म्हणून मावशींनी पुडे मोजून पिशवीत तळाला टाकले. द्वादशीची सोय!

हडपसरच्या गाडीतळावर दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे जाते, माउली सासवड रस्त्याला लागतात.

इथून पुढं रस्ता मोकळा झाला आणि मी पाय उचलले. मावशींनी दंडाला धरून मागं ओढलं.

"कुठं निघालीस?"

"मावशी, पुढं जागा आहे."

"ती आपली न्हाई. आपण पुढं घुसलो तर त्या दिंडीनं कुठं जावं?"

लांबून बघणाऱ्याला वारी म्हणजे अफाट गर्दी वाटते. आत शिरलं की कळतं, इथं प्रत्येकाला जागा नेमून दिलेली आहे. रथापुढं 27 दिंड्या, रथामागं बाकीच्या, प्रत्येकीला नंबर. दिंडीतही तसंच. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाजी, मग विणेकरी, आणि मागं तुळशी-हंडे घेतलेल्या बायका. कुठला अभंग कधी हेही मनावर नाही. सकाळी मंगलाचरण, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाराचे अभंग, दुपार कलल्यावर हरिपाठ. घड्याळ न बघता नुसतं काय चाललंय ते ऐकून मावशी वेळ सांगायच्या.

ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. बाबा पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे सोहळ्याला लष्करी शिस्त आली असं दिंडीतले जुने लोक सांगतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व आजही पालखीपुढं असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, तो माउलींचा. बाबांची समाधी आळंदीच्या देवळाची पहिली पायरी आहे.

वडकीच्या पुढं घाट सुरू झाला तेव्हा दुपार कलली होती. वर्तमानपत्रात दरवर्षी येतो तो घाटाचा फोटो वरून काढलेला असतो: वळणावळणानं चढत जाणारी माणसांची रांग, भगव्या पताका, मध्ये फुलांनी सजलेला रथ. आतून यातलं काही दिसत नाही. दिसते पुढच्या माणसाची भिजलेली पाठ. कठड्यांवर, दरडींवर कॅमेरे घेऊन हजारो माणसं बसलेली, आणि आपण त्यांच्या फोटोत आहोत याची जाणीव पहिल्या वळणापुरतीच टिकते. मग श्वास लागतो. हरिपाठ सुरूच. चढावर गायचं कसं? दोन बाजू असतात, एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसरीनं उचलायचा; आपली पाळी नसेल तेवढ्यात दम खायचा.

रथ ओढायचा मान आळंदीतल्या एका घराच्या बैलजोडीला असतो, पण घाटात एका जोडीचं काम नाही. पुढं गावकऱ्यांच्या जादा जोड्या जुंपतात. आम्ही मागून चालत असल्यानं बैल दिसले नाहीत, फक्त ओरडा ऐकू आला, आणि रथ हलला की आरोळीची लाट पुढून मागं आमच्यापर्यंत यायची.

घाटमाथ्यावर वारा असा की पताका दोन हातांनी धराव्या लागल्या. झेंडेवाडीच्या विसाव्याला माझ्या टाचेचा फोड मावशींनी बघितला. बटव्यातून सुई काढली, दोरा ओवला, सुई काडीच्या आगीवर धरली, फोडातून आरपार घातली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापली. "पानी दोऱ्यानं निघून जातंय. कातडं काढायचं न्हाई." शेजारीच डॉक्टरांचं मोफत पथक होतं. तिथल्या मुलीनं दोरा बघून कपाळाला हात लावला, पण औषध लावून दिलं.

सासवडच्या तळावर पोचलो तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. पालखी मधोमध, भोवती सगळ्या दिंड्या रिंगण करून उभ्या, टाळांचा कल्लोळ. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारानं चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरला आणि टाळ थांबले. आमच्या डावीकडची एक दिंडी मात्र वाजवतच राहिली. मला वाटलं, दिसलं नसेल. तसं नव्हतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत, हीच तक्रार मांडायची रीत. चोपदार चालत त्यांच्याकडे गेले. पाण्याचा टँकर घाटाखालीच अडकला होता. बोलणं झालं, सोय लागली, टाळ थांबले. अर्ज नाही, शिक्का नाही, आणि ऐकून घेतल्याशिवाय समाजआरती, म्हणजे तळावरची सगळ्यांची आरती, पुढं सरकत नाही! मग हरवलं-सापडलं पुकारलं: एक चष्मा, एक आधार कार्ड, पैशांसकट सापडलेली पिशवी. आरती झाली.

राहुटीत भगर आणि दाण्याची आमटी तयार होती. उद्या माउली सासवडलाच आणि माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांची पालखी इथूनच निघणार, त्यामुळे त्यांच्या समाधीच्या दर्शनाला ही रांग. मावशींनी मला फोनवर अडीचचा गजर लावायला लावला, बिस्किटांचे पुडे उशाशी घेतले आणि विचारलं, "द्वादशी किती वाजता लागती गं?"