डक्ट साफ करायचे तर आधी रिटर्न उघडा

ऑक्टोबर आला की न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंत घरोघरी फर्नेस, म्हणजे डक्टमधून खोल्यांत गरम हवा पाठवणारी भट्टी, पहिल्यांदा लागते आणि पहिली काही मिनिटं घरात करपल्यासारखा वास येतो. उन्हाळाभर हीट एक्स्चेंजरवर बसलेली धूळ जळते, त्याचा तो वास. तो आला म्हणजे डक्ट तुंबलेत असं नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, दरवर्षी डक्ट साफ करा असं मुळीच सांगत नाही. आत बुरशी दिसली, उंदीर किंवा किडे शिरले, किंवा धूळ इतकी साठली की व्हेंटमधून खोलीत उडायला लागली, तर साफ करा, एवढंच तिचं म्हणणं. त्यात मी एक भर घालेन: घरात ड्रायवॉलचं (जिप्समच्या भिंतींचं) काम झालं असेल आणि त्या वेळी व्हेंट झाकले नसतील, तर नक्की करा.

गराजमध्ये लाकूडकामाचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढणारं मशीन), कॉम्प्रेसर आणि शॉप व्हॅक (कारखानी व्हॅक्यूम) असेल तर हे काम शनिवार-रविवारात घरच्या घरी होतं. फक्त बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. गरम हवा येते ते व्हेंट डोळ्यांसमोर असतात, म्हणून तेच घासत बसतात. पण सप्लायमध्ये, म्हणजे खोल्यांत गरम हवा नेणाऱ्या डक्टमध्ये, येणारी हवा फिल्टरमधून गाळून आलेली असते. तिथे सापडतं ते वरून पडलेलं: नाणी, खेळण्यांचे तुकडे, पूजेच्या अक्षता. खरी धूळ रिटर्नमध्ये, म्हणजे हवा परत नेणाऱ्या डक्टमध्ये, कारण घरातली सगळी हवा न गाळता तिथूनच फर्नेसकडे जाते. जुन्या घरांत तर रिटर्नला धड पत्राही नसतो. भिंतीतल्या दोन लाकडी खांबांमधली पोकळीच डक्ट म्हणून वापरलेली असते, आणि तिच्या तळाशी घर बांधतानाचा भुसा, खिळे आणि जिप्समचे तुकडे अजून पडलेले असतात.

हात लावण्याआधी जाळी काढून फोनचा कॅमेरा आत घाला आणि डक्ट कशाचा आहे ते बघा. चकचकीत पत्रा असेल तर पुढे जा. तारेच्या वेटोळ्यांचा लवचीक फ्लेक्स डक्ट असेल तर फिरता ब्रश नको, आतलं पातळ अस्तर फाटतं. आतून फायबरग्लासचं अस्तर असेल तर ब्रशही नको आणि जोराची हवाही नको, तंतू सुटून घरभर होतात. घर १९८० च्या आधीचं असेल आणि सांध्यांवर पांढरट, कागदी किंवा कापडासारखी पट्टी गुंडाळलेली दिसली, तर ती ॲस्बेस्टॉस असू शकते. ती खरवडू नका, ओली करू नका, काम तिथेच थांबवा आणि आधी तपासणी करून घ्या.

आता वेगाचा हिशोब, कारण सगळं काम त्यावर अवलंबून आहे. १ एचपी कलेक्टरच्या खोक्यावर ६५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलेलं असतं, पण तो आकडा नळी न जोडता मोजलेला असतो. दहा फूट नळी आणि भरत आलेली पिशवी धरली तर हातात ३५० च्या आसपास उरतात. तेवढ्यावर ४ इंची नळीत हवेचा वेग मिनिटाला ४००० फूट होतो. लाकडाचा भुसा वाहून न्यायला साधारण एवढाच लागतो. तीच हवा ६ इंची डक्टमध्ये १८०० फुटांवर येते आणि ८ बाय २० इंचाच्या ट्रंकमध्ये, म्हणजे मुख्य रुंद डक्टमध्ये, जेमतेम ३०० वर. शॉप व्हॅकची १०० सीएफएम हवा तर ६ इंची डक्टमध्येच ५०० वर येते. म्हणून नुसती नळी जोडून मशीन चालू ठेवलं तर हलका कापूस तेवढा येतो आणि जड धूळ जागची हलत नाही. ती ब्रशने सोडवावी लागते, हवेच्या झोताने ढकलावी लागते, आणि एका वेळी एकच तोंड उघडं ठेवावं लागतं.

कामाला लागताना थर्मोस्टॅट बंद करा आणि फर्नेसचा स्विचही. गॅसचा साधा चिमणीवाला वॉटर हीटर असेल तर त्याचा नॉब पायलटवर आणा आणि एक खिडकी उघडी ठेवा. कलेक्टर गराजच्या दारात बाहेर तोंड करून ठेवला की तो घरातली हवा बाहेर फेकतो, घरात दाब कमी होतो आणि हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी बेसमेंटमध्ये उतरू शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. ही पायरी कुणीही गाळू नये. कलेक्टर बेसमेंटमध्येच ठेवावा असं वाटेल, पण ३० मायक्रॉनच्या पिशवीतून बारीक धूळ सरळ बाहेर येते आणि घरभर बसते.

फिल्टर काढा आणि त्याच मापाचा, बहुधा १६ बाय २५ इंचाचा, जाड पुठ्ठा त्या खाचेत सरकवा. त्यामुळे फर्नेसची बाजू बंद होते आणि कलेक्टर फक्त रिटर्नमधून ओढतो. फर्नेसच्या स्विचवर लगेच चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर 'पुठ्ठा काढला?' असं लिहा. पुठ्ठा आत राहून फर्नेस लागली तर हवा फिरत नाही, हीट एक्स्चेंजर तापतो आणि जास्त तापलं की फर्नेस बंद करणारा लिमिट स्विच पडत राहतो.

रिटर्नचा उभा भाग फिल्टरच्या वर येतो तिथे, सपाट पत्र्यावर, वायर किंवा ह्युमिडिफायरचा पाइप नाही याची खात्री करून ४ इंची भोक पाडा आणि सुरुवातीची कॉलर (नळी जोडायची पत्र्याची गोल कडी) बसवा. कलेक्टरची नळी तिला जोडा. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, जाड हातमोजे घाला. मग घरातल्या सगळ्या रिटर्न जाळ्या कागद आणि पेंटरच्या निळ्या टेपने बंद करा आणि सर्वांत लांबची एकच उघडी ठेवा. तिथून ब्रश आत घाला. ड्रायरच्या पाइपसाठी मिळणाऱ्या कांड्या चालतात, ब्रश मात्र ६ इंची घ्या. ड्रिल हळू आणि फक्त सुलट फिरवा. उलट फिरली की कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीत राहतो. प्रत्येक जोडावर टेपचे दोन वेढे दिलेत तर ती धास्ती उरत नाही. ब्रशनंतर पुढे झोत मारणारं नॉझल. ६ गॅलनचा छोटा कॉम्प्रेसर ९० पीएसआयला मिनिटाला अडीच घनफुटांच्या आसपासच हवा देतो, म्हणून तीन-चार सेकंदांचे झोत मारा आणि टाकी भरू द्या. खांबांमधल्या पोकळीत ब्रश घालू नका, खिळ्यांच्या टोकांत अडकतो. तिथे झोत मारा आणि तळाचा कचरा शॉप व्हॅकच्या नळीने उचला.

उभा रिटर्न जिथे वळतो तिथे आत वाकड्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर धूळ नमद्यासारखी जमते, राखाडी, बोटभर जाड, आणि कोपरा धरून ओढली तर अख्खी सुटून येते. झोताने ती फाटते आणि तुकडे अडकतात. कॉलरच्या भोकातून हात घालून जेवढी सुटेल तेवढी हातानेच काढा.

सप्लायचं काम थोडक्यात उरकतं. ट्रंकच्या शेवटचं टोपण स्क्रू काढून उघडा, तिथे भोक पाडलेला प्लायवुड लावून नळी जोडा, आणि एकेक व्हेंट उघडून ब्रश व झोत मारा. डॅम्परच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांच्या) दांड्या कुठे होत्या त्यावर आधी मार्करने खूण करा, मग त्या डक्टच्या रेषेत आणा, म्हणजे पूर्ण उघड्या. काम झालं की परत खुणेवर न्या, नाहीतर नंतर एक खोली तापते आणि दुसरी थंड राहते. ट्रंकमधली धूळ फर्नेसच्या बाजूला ढकलू नका, तिथे एसीची कॉइल असते. प्लेनमजवळ, म्हणजे फर्नेसला लागून असलेल्या मोठ्या पेटीजवळ, भोक तर अजिबात पाडू नका.

स्वयंपाकघरातल्या व्हेंटवर फोडणीची वाफ बसून चिकट थर होतो, तो ब्रशने निघत नाही. व्हेंट काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास भिजवा. देवघराजवळच्या जाळीवर काळे पट्टे दिसले तर ते उदबत्तीच्या काजळीचे. साध्या फिल्टरमधून ती बरीचशी निसटते. जंतुनाशकाचे फवारे डक्टमध्ये मारू नका, धूळ काढली की पुरे.

शेवटी कॉलरवर ४ इंची टोपण बसवा, सांधे यूएल १८१ छापलेल्या ॲल्युमिनियम टेपने किंवा मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) बंद करा. कापडी डक्ट टेप नको. नावात डक्ट असला तरी उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती सुटते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या १९९८ च्या चाचण्यांत हेच दिसलं होतं. पुठ्ठा काढा, नवा मर्व्ह ८ (फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा दर्जा) फिल्टर बसवा आणि उष्णता न लावता नुसता पंखा अर्धा तास चालवा. हा फिल्टर आठवड्याने काढून फेका, कारण सुटलेली उरलीसुरली धूळ याच दिवसांत त्याच्यावर येते. वॉटर हीटरचा नॉब पूर्वीच्या जागी आणा आणि बर्नर लागल्यावर चिमणीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला की खिडकी लावून घ्या, आणि मग परत एकदा बघा.