गर्दीला उड्डाण हवंच होतं

न्यूटन ग्रिमवूड या पत्रकाराबद्दल वाचलं आणि आज दिवसभर तो डोक्यातून जात नाहीये.

१५ जुलै १८७५, शिकागो. सर्कसवाल्या बार्नमच्या खेळातला बलूनवाला डोनाल्डसन वर जाणार होता. दोन पत्रकार सोबत यायला तयार, पण बलूनला तेवढं वजन पेलेना. मग एकट्या ग्रिमवूडला घेतलं. रात्री मिशिगन सरोवरावर वादळ झालं. महिन्याभराने ग्रिमवूडचा मृतदेह किनाऱ्याला सापडला. डोनाल्डसन कधीच नाही.

थांबता आलं नसतं का, असं राहून राहून वाटतं. पण १८१९ मध्ये फिलाडेल्फियात बलून फुगेना, तेव्हा चिडलेल्या लोकांनी तो फाडून टाकला आणि व्हॉक्सहॉल बागेतला मंडपही जाळला.

अशा गर्दीला 'आज नको' कोण सांगणार?