एका घरापुरतं चॅनेल

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या आठवड्यात केबलवाल्याचा फोन बंद राहत नाही. लेकी-जावई, नातवंडं, सोयरे, सगळे गावात आलेले असतात. घराघरात टीव्ही सकाळी लागतो तो रात्रीपर्यंत. त्यात मंडपाचे बांबू घेऊन येणारे ट्रक आणि तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, लादलेल्या गाड्या गल्लीतून जाताना खाली लोंबणारी वायर ओढून नेतात. एका घरी कार्टून गेलं म्हणून पोरं रडत असतात, दुसऱ्या घरी मालिकेच्या ऐन वेळेला चित्र अडकतं. शिडी खांद्यावरून उतरतच नाही.

मी ब्रम्हपुरी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात केबल चालवतो. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं ते मुख्य ठाणं. भाऊबीजेपासून होळीपर्यंत तिथून गाड्या भरून कलाकार निघतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावांत रात्रभर नाटकं रंगतात. धान चुरून घरात आलेलं असतं, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या असतात, हातात चार पैसे असतात. आधी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, मग संक्रांतीच्या पुढेमागे पट. दिवसा बैलजोड्या धावतात, रात्री नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा आमच्या भागात काही गावांचे पट थांबले आणि त्या रात्रींची नाटकंही गेली. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, तेव्हा बैलवाल्यांइतकेच नाटकवालेही खूश झाले होते.

टीव्हीने नाटक मारलं, असं शहरातली माणसं मला नेहमी सांगतात. त्यांनी पटाचा एक आठवडा माझ्यासोबत फिरावं. आमच्याकडे दोघांचं वेळापत्रक एकमेकांत बसलेलं आहे. सात ते साडेदहा मालिका, नंतर मंडप. शेवटची मालिका संपली की घराघरातून बायका शाली, घोंगड्या, पोरांना निजवायला गोधड्या घेऊन निघतात. त्या आल्याशिवाय मंडप भरत नाही, हे नाटक भरवणाऱ्या गावच्या मंडळालाही ठाऊक असतं आणि कंपनीलाही, त्यामुळे तिसरी घंटा कुणी घाई करून देत नाही. शिवाय मुंबईहून एखादी मालिकेतली नटी येणार असली की पोस्टरवर तिचा फोटो नायकापेक्षा मोठा. रोज घरात दिसणारी बाई आपल्या बांधीत उभी राहून बोलते, हे बघायला लोक चार गावं ओलांडून येतात. टीव्हीमुळे तिकीट विकलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहतो.

गेलं ते दुसरंच काही. गेलं आमचं स्वतःचं चॅनेल.

ॲनालॉगच्या काळात माझ्या खोलीत छत्र्यांचे रिसीव्हर, प्रत्येक चॅनेलला एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र आणि आवाज त्या चॅनेलच्या लहरीवर चढवणारं यंत्र, आणि सगळ्यांना एकत्र करणारा कंबायनर होता. हेड पोस्टात 500 रुपये भरून नोंदणी केली की केबलवाला झालो. त्यातला एक मॉड्युलेटर गावासाठी राखून ठेवलेला. त्यावर शाळेचं गॅदरिंग, गणपतीचं विसर्जन, पटाचा निकाल, हरवलेल्या म्हशीची पट्टी, कुणाच्या तेरवीची सूचना, सगळं चालायचं. नाटक मात्र कधी दाखवलं नाही. मंडळाचं पोट तिकिटावर असतं आणि ते मला पटतं. पण दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ दाखवला की गाव आपल्याला टीव्हीवर बघायचं.

31 मार्च 2017 ही खेड्यापाड्यांत ॲनालॉग बंद करायची शेवटची तारीख होती. त्यानंतर सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवर, म्हणजे सगळी चॅनेलं जिथून पुढे सोडतात त्या केंद्रावर, कुलूपबंद होऊन फायबरने येऊ लागला. माझ्याकडे उरला फायबरचा सिग्नल वायरीत उतरवणारा नोड, तो वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि ग्राहकाच्या घरचा बॉक्स. चित्र साफ झालं, चॅनेलं वाढली, हे खरंच चांगलं झालं. पण गावचं काही दाखवायचं तर ते आधी शहरातल्या हेडएंडपर्यंत पोहोचवायचं, तिथे जागेचं महिन्याचं भाडं भरायचं आणि मग ते फिरून गावात यायचं. तीन गल्ल्यांच्या पलीकडची गोष्ट दाखवायला इतका लांबचा फेरा कोणत्या लहान केबलवाल्याला परवडणार? आमच्यासारख्यांना गावापुरतं एक चॅनेल स्वस्तात घालू द्यायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. जुने मॉड्युलेटर भंगारात गेले. एक मी ठेवला होता.

जानेवारी 2023 चा पट. बसस्टँडमागच्या गल्लीत एका घरी रिमोट चालत नव्हता म्हणून गेलो होतो. आतल्या खोलीत खाटेवर मास्तर पडलेले. उभं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवलेला माणूस. दिवाळीआधी कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण बसवत नव्हतं. रिमोटचे सेल बदलले आणि निघालो, तर त्यांनी हाक मारली.

"बाबू, उद्या नाटक तुह्या केबलवर दिसते का?"

"नाही जी मास्तर. दाखवता येत नाही."

"आवाज तर येतेच घरात. भोंगा इकडेच हाये. मले आयकू येते, दिसत नाही."

त्यांची सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, मोबाईलवर लावून देतो म्हटलं तर त्यांना नको. इतकं लहान दिसत नाही म्हणतात." मोबाईलवर लावायला तरी मंडळाने परवानगी द्यायला हवी होती.

घरी जाऊन जेवलो, पण घास गोड लागेना. मग मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. गावाला दाखवत नाही, फक्त एका घरी वायर नेतो, बाकी कुणालाही नाही, एवढंच सांगितलं. अध्यक्ष वयाने मोठे, तिकिटाच्या बाबतीत कडक. त्यांनी विचारलं, "मास्तरांच्या घरी?" आणि लगेच म्हणाले, "ने मग. खांबाला वायर बांधायला पोरं लागली तर सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी जुना मॉड्युलेटर काढला. धूळ झटकून लावला तर दिवा लागला. आता हिशोब असा होता: मंडप ते मास्तरांचं घर, गल्ल्यांतून फिरून, तीनशे मीटरच्या आसपास. आरजी-6, म्हणजे केबलच्या नेहमीच्या वायरच्या एका डब्यात 305 मीटर असते, म्हणजे जेमतेम. एवढ्या लांबीत वरच्या चॅनेलचा सिग्नल पार मरून जातो, खालच्या फ्रिक्वेन्सीचा बराच तगतो. म्हणून मॉड्युलेटर अगदी खालच्या व्हीएचएफ चॅनेलवर ठेवला आणि मध्ये एकच लहान ॲम्प्लिफायर दिला. सेट-टॉप बॉक्सचा इथे काही संबंधच नव्हता. त्यांच्या एलईडी टीव्हीला मागे अँटेनाचं भोक होतं, त्यात सरळ ही वायर. लग्नाचं शूटिंग करणारा गावातला पोरगा मंडळासाठी नाटक रेकॉर्ड करणारच होता. त्याच्या कॅमेऱ्यातून एचडीएमआय काढून साध्या एव्हीत बदललं. साउंडवाल्याने मिक्सरमधून वेगळी लाइन दिली. रस्ता ओलांडताना वायर उंच घेतली, कारण तणसाच्या गाड्यांचा मला अनुभव आहे.

त्याच दिवशी, 25 जानेवारीला, रात्री फोन एकदम वाढले. काही बिघडलं असेल म्हणून घाबरत उचलला तर लोक विचारत होते, बातम्यांचं चॅनेल कितव्या नंबरवर? पद्म पुरस्कारांची यादी आली होती आणि त्यात परशुराम खुणे यांचं नाव होतं. पद्मश्री. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा कलाकार, गडचिरोली जिल्ह्यातला. ज्या घरांत त्या वेळेला मालिकेशिवाय काही लागत नाही तिथेही बातम्या लागल्या. हॉटेलात लोक उभे राहून पट्टी वाचत होते. मी शिडीवरच होतो. आनंदाने हात थरथरत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तणसावर बसून पाहायची नाटकं म्हणून आमच्या रंगभूमीकडे वर्षानुवर्षं खालच्या नजरेने बघितलं गेलं, आणि आता दिल्लीहून नाव आलं होतं.

साडेदहाच्या सुमारास मास्तरांचा टीव्ही ट्यून केला. चित्र आलं, पण त्यावर आडव्या काळ्या पट्ट्या वर वर सरकत होत्या आणि आवाजात गुरगुर. मंडप जनरेटरवर, घर गावच्या लाइनवर. दोन अर्थिंगमधला फरक वायरच्या आतल्या धातूच्या जाळीतून वाहत होता. नव्या पोरांना हे माहीत नसतं, कारण फायबरमध्ये हा त्रासच नाही. जुन्या टीव्हीच्या पट्टी अँटेनाला लावायचे ते मॅचिंग ट्रान्सफॉर्मर माझ्या पिशवीत पडून होते. दोन घेतले, पाठीला पाठ जोडले आणि वायरच्या मध्ये टाकले. जाळी तुटते, सिग्नल मात्र चुंबकातून पलीकडे जातो. पट्ट्या गेल्या. गुरगुर गेली. पडदा अजून खालीच होता आणि त्याच्यावर कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

मंचावरून अध्यक्षांनी पद्मश्रीची बातमी सांगितली. टाळ्या टीव्हीत वाजल्या आणि लगेच खिडकीतून पुन्हा वाजल्या.

तेव्हा मला ती गोष्ट कळली जी मास्तरांना आधीच कळली होती. वायरमधला आवाज तत्क्षणी येतो. भोंग्याचा आवाज हवेतून येतो, त्याला तेवढं अंतर कापायला जवळपास एक सेकंद लागतो. नांदी सुरू झाली आणि मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ताल दोनदा पडून रायला बाबू." कुणा दुसऱ्याला याचा फारसा त्रास झाला नसता. मी टीव्हीचा आवाज बंद करून बघितला, तर गाणाऱ्यांचे ओठ आधी हलायचे आणि सूर मागून यायचा. ते तर त्यांना बघवेनाच. शेवटी खिडक्या लावल्या, दारावर दुहेरी चादर सोडली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. थंडी होतीच. मिक्सरमधून आलेला ऑर्गन त्या बंद खोलीत असा भरला की सुनेने पदर डोळ्यांना लावला.

पहिला प्रवेश रंगला. नायिका आली, घरातली पोरं पुढे सरकली. मास्तर मात्र मान वाकडी करून पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते. वादक मंचाच्या पुढ्यात खाली बसतात, कॅमेऱ्यात त्यांची फक्त डोकी दिसत होती.

"त्या पोराचा हात दाखवाले सांग," ते म्हणाले.

मी शूटिंगवाल्याला फोन लावला. "गाणं सुरू झालं की ऑर्गनवर घे."

"नायिकेवर नको?"

"नायिका नंतर. ऑर्गनवर."

गाणं उठलं आणि कॅमेरा खाली वळला. पडदाभर एका तरण्या पोराची बोटं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, मनगटात लाल धागा. मास्तरांची उजव्या हाताची बोटं रजईवर चालू लागली. मी एरवी ग्राहकाच्या घरी काम झालं की थांबत नाही. त्या रात्री थांबलो. ते अधूनमधून बोलत होते, आमच्याशी की त्या पोराशी, कोण जाणे. "इथं थांब. नटाले श्वास घेऊ दे." "हां, आता भर." लावणीच्या वेळी कॅमेरा नाचणारीवर गेला तर मास्तर काही म्हणाले नाहीत, पण पुढच्या पदाला मी स्वतःच फोन केला. त्या पोराला आपण कुणाला वाजवून दाखवतो आहोत याची कल्पना नव्हती. मध्यंतरात मी मंडपात जाऊन त्याला सांगितलं. तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "मास्तर बघतेत? अन् तुम्ही मला आता सांगता?" नंतरच्या प्रवेशात तो दुप्पट ताकदीने वाजवत होता, आणि मास्तर म्हणत होते, "घाई करते आता. काऊन घाई करते?"

पहाटे भैरवी झाली. नाटक उतरलं तसा मी मंडपात वायर सोडवायला गेलो. लोक शेकोटीजवळ चहा घेत होते. ऑर्गनवाला पोरगा कंपनीच्या गाडीत बसायचं सोडून माझ्यासोबत मास्तरांच्या घरी आला. पाया पडला. मास्तरांनी त्याचं कौतुक केलं नाही, त्याला खाटेच्या काठावर बसवून तिसऱ्या प्रवेशातलं एक पद गुणगुणून दाखवलं, कुठे सूर धरून ठेवायचा आणि कुठे सोडून द्यायचा ते. बाहेर गाडीवाला हॉर्न देत राहिला.

दिवस उजाडल्यावर दोन-तीन घरांतून मला विचारणा झाली: आमच्याकडेही आई आहे, बाबा आहेत, मंडपात जाववत नाही, आम्हालाही वायर देता का? मी अध्यक्षांना दिलेला शब्द मोडला नाही. पण त्यांच्याजवळ विषय काढला आणि तेही विचारात पडले. तिकीट बुडत नाही हे त्यांनाही दिसलं होतं. ज्याला येणं शक्य आहे तो माणूस टीव्हीसमोर बसत नाही. अंथरुणावर असलेल्यांची यादी आशाताईंकडून, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकांकडून, घ्यावी आणि पुढच्या हंगामात तेवढ्या घरांना नाटक द्यावं, असं आमचं तेव्हा बोलणं झालं. वायर लागेल, ॲम्प्लिफायर लागतील, मॉड्युलेटर एकच आहे पण एकातून शंभर घरंही चालतात.

संध्याकाळी वायरचा डबा परत न्यायला मास्तरांकडे गेलो. वायर गुंडाळत होतो.

"ठेव तशीच," ते म्हणाले. "आज शाळेमागं दुसऱ्या मंडळाचं नाटक हाये. तिथवर पुरते का?"

मी गल्लीत जाऊन अंतर पावलांनी मोजायला लागलो.