अडचण आली की देव आठवतो, होय की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ह्या विषयावर मी गप्पच असतो. क्लासमध्ये पोरांना सायन्स शिकवतो ना, त्यामुळं पालक, पाव्हणे, सगळे फिरूनफिरून तेच विचारतात, सर तुम्ही पण सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला हात जोडता होय, आणि ते पण अडचण आली की? स्वार्थच झाला की हा.

स्वार्थच आहे. ठेच लागल्यावरच 'आई गं' म्हणतो आपण, सपाट रस्त्याला कोण म्हणतंय?

2019 चा ऑगस्ट. पाऊस थांबायचं नाव घेईना. आमची मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, तिथं बघितलं तर एवढीशी, पण त्या आठवड्यात खानापुरात लाल पाणी बघूनच पोटात गोळा यायचा. त्यातच बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. बेळगावला ॲडमिट केलं. मी मोबाईलवर मेंदू, गाठ, स्कॅन असलं काय काय वाचत बसलो आणि जास्तच घाबरलो. आई बाहेर चपला काढून भिंतीला टेकून बसलेली, पदराच्या गाठीत भंडाऱ्याची पुडी, आणि देवीशी चक्क भांडत होती.

"ह्यांना उठीव. साडी नेसवीन, पाच नारळ देईन. नाही उठिवलंस तर डोंगर चढणार नाही, सांगून ठेवते."

मला लाज वाटली, खरं सांगतो. तेवढ्यात नर्स आली, म्हटलं आता ओरडणार. तर तिनं हातमोजा काढला नि हात पुढं केला, "अव्वा, नमगू स्वल्प कोड्री." आईला कन्नड तोडकंमोडकं, पण 'आम्हाला पण थोडं द्या' एवढं कळलं. तिनं चिमूटभर भंडारा नर्सच्या तळहातावर ठेवला. त्या बाईचं काय दुखणं होतं, आम्ही विचारलं नाही.

रात्री तीनला मी पण हात जोडले. काय मागायचं तेच सुचेना, नुसतं 'उदो गं आई उदो' एवढंच म्हणत राहिलो, लहानपणी जत्रेत म्हणायचो तसं, आणि कधीतरी बाकावरच झोप लागली. देवीनं बरं केलं असं मी म्हणणार नाही. औषध डॉक्टरांनी दिलं, हातपाय फिजिओथेरपीवाल्यानं हलवून घेतले. पण रात्री तीनला डॉक्टरला उठवून 'भीती वाटतेय हो' असं सांगता येत नाही.

बाबा काठी घेऊन चालायला लागले, बोलायला लागले. उजवा हात तेवढा तसाच राहिला. 2020 च्या माघी पुनवेला आम्ही सौंदत्तीला गेलो. जोगुळभावीच्या कुंडात पाय धुतले, मग डोंगर, ही गर्दी! आईनं साडी दिली आणि पिशवीतून नारळ काढले, मोजून तीन.

म्हटलं, "आई, पाच बोललीस की."

"हात अजून द्यायचाय तिनं," म्हणाली, आणि उरलेले दोन परत पिशवीत घालून बसच्या सीटखाली पायाशी धरून खानापूरला आणले.