पार्ट लोड की पूर्ण गाडी? चारकोपहून इंदूरला माल पाठवताना

कांदिवलीच्या चारकोप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा दिव्यांच्या फिटिंगचा गाळा आहे. इंदूरच्या एका डीलरची ऑर्डर आली आणि माल पार्ट लोडने (म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत) टाकायचा की अख्खी गाडी करायची, हे ठरवणं आलं.

भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून किलोचे भाव घेतले. आमचा भरलेला खोका ११ किलोचा, म्हणजे हिशेब सरळ दिसत होता. पण बिल नक्की कशावर करणार असं विचारल्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचा माल हलका आहे, भाडं जागेचं लागेल." खोका ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटर. गुणाकार १,०८,०००. त्याला २७,००० ने भागलं की त्यांच्या हिशेबाने ४ घनफूट. आता कुणी घनफुटाला ६ किलो धरतो, कुणी १०. तोच खोका एकाकडे २४ किलोचा, दुसऱ्याकडे ४० किलोचा! किलोला सगळ्यात कमी भाव सांगणाराच १० धरत होता. हलका, पोकळ माल पाठवणाऱ्यांनी भावाच्या आधी हा आकडा विचारावा, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

त्यावर चारकोप ते भिवंडी टेम्पो, दोन्हीकडची हमाली, बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) खर्च आणि इंदूरला दारपोच हवी असेल तर तिथला टेम्पो वेगळा.

तरी पहिला लॉट लहान होता, म्हणून पार्ट लोडनेच गेला. इंदूरला पोहोचेपर्यंत आमच्या टेम्पोतून गोदामात, तिथून लांब पल्ल्याच्या गाडीत, मग इंदूरचं गोदाम, पुन्हा टेम्पो, इतक्या वेळा खोके खाली-वर झाले. डीलरने फोटो पाठवले. खालच्या थरातल्या खोक्यांचे कोपरे चेपलेले, थर्माकोलमध्ये काचेचा चुरा. वर कुणाचा तरी जड माल रचलेला असणार. बिल्टीवर 'माल मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. कायद्याने ट्रान्सपोर्टर जबाबदार असतो, पण जोखमीचा जादा दर भरायचं आधी ठरवलेलं नसेल तर भरपाई भाड्याच्या १० पटीपर्यंतच. भाडं काही हजारांचं आणि माल लाखांचा असेल तर त्यात काय भागणार? ट्रान्झिट विमा काढलेला होता म्हणून निभावलं.

पुढची ऑर्डर मोठी होती, तेव्हा १७ फुटी गाडीचा भाव काढला. तिच्यात आमचे सव्वाशे-दीडशे खोके बसतात. वजन जेमतेम दीड टन, पण जागा भरून जाते. ब्रोकरने एक चांगली गोष्ट सांगितली: इंदूरहून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परतण्यापेक्षा कमी भाड्यात तयार होते, फक्त तारखेला एक-दोन दिवस सैल ठेवा. तसंच केलं. मोठ्या गाड्यांना मुंबईत गर्दीच्या वेळी नो एंट्री असते, म्हणून गाडी रात्री बोलावली. भरणा आमच्याच मुलांनी केला, ताडपत्री बांधून घेतली, आणि माल थेट डीलरच्या दारात उतरला. मध्ये कुणाचा हात लागला नाही.

ई-वे बिलाचंही (माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचं) सोपं झालं. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते लागतं आणि २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत मिळते. इंदूरला तीन दिवस. पार्ट लोडमध्ये गाडी बदलली की नवा नंबर चढवावा लागतो, आणि माल गोदामात पडून राहिला तरी मुदत सरतच असते. पूर्ण गाडीत एकच नंबर, एकदाच.

नुसती भाड्याची तुलना केली तर पूर्ण गाडी महागच होती. टेम्पो, हमाली, जादा पॅकिंग आणि फुटीचा माल धरल्यावर शंभराच्या आसपास खोक्यांना ती परवडते, असं आमच्या वहीत निघालं. म्हणून डीलरशी बोलून दोन ऑर्डरी एकत्र करायला सुरुवात केली. त्यालाही फुटका माल नकोच होता.

दिव्यांना वीज पुरवणारे सुटे ड्रायव्हर आणि दिव्यांच्या पट्ट्या मात्र आजही पार्ट लोडनेच जातात. त्यात काच नसते आणि खोका लहान पण जड, त्यामुळे घनफुटाला ६ धरा की १०, बिल खऱ्या वजनावरच येतं.