अडलं कुठे ते सांगा ना

आज रिव्ह्यू मीटिंग होती, नेहमीसारखी लांबली. सगळ्यांनी आपापले अपडेट दिले, आणि आता रात्री लिहायला बसलेय तर त्यातलं नीट आठवतंय ते फक्त सपोर्टमधल्या नवीन मुलीनं सांगितलेलं. तिच्याकडे तर स्लाइड पण नव्हती.

ती म्हणाली, "एक काका आहेत, दर महिन्याला आपल्या ॲपवरून हप्ता भरतात. या वेळी सगळा फॉर्म भरला पण खाली 'पुढे जा'चं बटणच दिसेना, कारण त्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलीयत आणि अक्षरं मोठी केली की आपलं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. त्यांनी परत परत फॉर्म भरला, मग वैतागून फोन केला. मी अक्षरं लहान करायला सांगितली, हप्ता भरला गेला, पण मग त्यांना पावती वाचता येईना."

बस, एवढंच. डिझाइनवाल्यानं लगेच विचारलं, अक्षरांची कुठली साइझ होती, आणि दुपारपर्यंत दुरुस्तीचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, पण निघालं. हीच गोष्ट मागच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये होती बरं का, 'मोबाईलवर फॉर्म अर्धवट सोडण्याचं प्रमाण वाढलंय' अशी, ग्राफसकट, आणि सगळ्यांनी माना डोलावून पुढची स्लाइड घेतली होती.

तिनं काय केलं ते मी डोक्यात उलगडून बघत होते. एक माणूस, त्याचं नेहमीचं काम, मग एक दिवस अडलं, त्यामुळे हे केलं, त्यामुळे ते झालं. केन ॲडम्स नावाच्या इम्प्रोव्ह, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं नाटक करणाऱ्या माणसानं १९९१ मध्ये 'स्टोरी स्पाइन' म्हणून साधारण हाच सांगाडा मांडला होता, एकदा एक जण होता, रोज तो अमुक करायचा, एक दिवस काहीतरी घडलं, त्यामुळे, त्यामुळे, आणि शेवटी. सगळा जीव त्या 'त्यामुळे'त आहे असं मला वाटतं. आमचे अपडेट बहुतेक 'आणि मग' वर चालतात, आम्ही मीटिंग घेतली आणि मग डॉक्युमेंट केलं आणि मग व्हेंडरशी बोललो, यातलं कुठलंही वाक्य उचलून दुसरीकडे ठेवलं तरी काही बिघडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागतच नाही. काकांच्या गोष्टीतलं एक वाक्य काढून बघा, पुढचं लगेच कोसळतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे अडलं होतं तेच आपण ऑफिसात पुसून टाकतो. 'काही चॅलेंजेस आले, ते रिझॉल्व्ह केले.' अरे पण काय आलं, कोणाचं काय अडलं, तेवढंच तर ऐकायचं होतं! लोकांना वाटतं अडचण सांगितली की आपण कमी पडलो असं दिसेल, पण अडचणच नसेल तर तुम्ही काय केलंत हे तरी कसं कळणार?

स्टॅनफर्डमध्ये बॉवर आणि क्लार्क यांनी १९६९ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० शब्दांच्या १२ याद्या दिल्या, काहींना सांगितलं शब्द गुंफून गोष्ट करा, बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसतं पाठ करायला दिला. प्रत्येक यादीनंतर लगेच विचारलं तेव्हा दोन्हीकडे जवळपास सगळं आठवत होतं. पण सगळ्या याद्या संपल्यावर विचारलं तर गोष्टवाल्यांना सुमारे ९३ टक्के आठवलं आणि पाठवाल्यांना १३ टक्के. मीटिंगमध्ये अगदी हेच होतं, तिथल्या तिथे सगळ्यांना सगळं कळलेलं असतं, फरक दिसतो तो नंतर.

प्रत्येक वेळी गोष्टच सांगा असं मुळीच नाही म्हणायचं मला. सिस्टीम बंद पडली असेल तर आधी चालू कधी होणार ते सांगा, बाकी नंतर. आणि आकडे हवेतच, फक्त काकांच्या मागून यावेत, म्हणजे असे काका किती आहेत हा प्रश्न समोरचाच विचारतो. शिवाय गोष्ट खरी हवी. ती मुलगी काका रडवेले झाले वगैरे म्हणू शकली असती, नाही म्हणाली, त्यांचं नावही घेतलं नाही, हे मला मनापासून आवडलं.

उद्या मला वरच्या लोकांकडे टेस्टिंगसाठी माणसं मागायचीयत. कामाच्या तासांचा तक्ता तयार आहे, पण तो नंतर दाखवेन. सुरुवात रिलीजच्या, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती सोडायच्या रात्रीपासून, आमचा टेस्टर एकटा बसलेला, पेमेंटचं चेकिंग अर्धं झालेलं आणि तेवढ्यात लॉगिन बिघडलं, त्यामुळे पेमेंट तसंच सोडावं लागलं, त्यामुळे सकाळी काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे. आणि लगेच मागणी. फक्त हे त्याच्याबद्दल आहे, तर सकाळी आधी त्याला विचारून घेते, चालेल ना सांगितलेलं.