ठाण्याचा पाच नंबर आणि ६३ तास

३० मे २०२४ची मध्यरात्र उलटली, ठाणे स्थानकाच्या पाच नंबर फलाटावरून शेवटची गाडी निघून गेली आणि ओव्हरहेड वायरचा पुरवठा तोडल्याचा निरोप आला. तरी कुणी रुळात उतरलं नाही. वायरला अर्थिंग लागल्याची, म्हणजे ती जमिनीला जोडून निर्धोक झाल्याची, खात्री होईपर्यंत उतरायचं नसतं. रेल्वेचे ट्रॅकमन, ओव्हरहेड वायरचं काम बघणारे ओएचईवाले, क्रेनचालक आणि ठेकेदाराकडची साइट इंजिनिअर म्हणून मी, सगळे फलाटाच्या कडेला थांबलो होतो. मग इशारा मिळाला आणि गाड्या थांबवून काम करायचा ६३ तासांचा ब्लॉक सुरू झाला.

पाच-सहा नंबरचा फलाट दोन ते तीन मीटरने रुंद करायचा होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फलाट वाढवायचा तर आधी रूळ बाजूला सरकवायला हवा, आणि रूळ सरकला की वरची वायरही त्याच्याबरोबर न्यायला हवी. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात काँक्रीट ओतून ते सुकायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून कारखान्यात आधीच तयार केलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे आणले होते. क्रेनने एकेक उचलायचा, मागच्याला भिडवायचा, लेव्हल बघायची, पुढचा घ्यायचा. प्रत्येक ठोकळ्याची कड रुळाच्या मध्यापासून ठरल्या अंतरावरच यायला हवी. अंतर जास्त राहिलं तर प्रवाशाचा पाय फटीत जाणार, कमी पडलं तर डबा घासणार. ते अंतर मोजून लिहून घेण्याची जबाबदारी माझी होती.

मी कळव्याची. कॉलेजपासून याच फलाटावर उभी राहत आले आहे. संध्याकाळी एका बाजूला जलद लोकल लागते, दुसऱ्या बाजूला दुसरी, मधेच मेल-एक्स्प्रेसचे प्रवासी बॅगा घेऊन बसलेले. ‘पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा’ अशी उद्घोषणा होते तेव्हा मागे सरकायला जागाच नसायची. त्यामुळे टेप लावताना माझ्या डोळ्यांसमोर आकडा कमी आणि ती गर्दी जास्त होती.

या कामाची किंमत लोकांनी मोजली हे मी विसरणार नाही. तीन दिवसांत शेकडो लोकल रद्द झाल्या. शक्य असेल त्यांनी घरून काम करा, असं आवाहन झालं होतं. पण ज्याची रोजंदारी कामावर गेल्याशिवाय सुटत नाही त्याने काय करायचं? शुक्रवारी दुपारी पुलावरून एक गृहस्थ वाकून ओरडले, “ताई, किती वाढणार फलाट?” मी म्हटलं, कुठे सात फूट, कुठे नऊ-दहा. “एवढ्यासाठी तीन दिवस?” आणि ते चालू पडले. ट्रॅकमनच्या गँगचे मुकादम शेजारीच होते. घाम पुसत म्हणाले, “मॅडम, आमच्या चाळीत खोली आठ फुटांची. पाच माणसं झोपतात तिच्यात. आठ फूट म्हणजे काय ते त्यांना घरी जाऊन विचारा म्हणावं.”

शनिवारी रात्री टॅम्पिंग मशीन खडी दाबत होतं, ठोकळ्यांचा पुढचा टप्पा खोळंबला होता. तेव्हा मुकादमांशी बोलणं निघालं ते पैशावर. केंद्र सरकारचा भांडवली खर्च २०१४-१५ मध्ये दोन लाख कोटींच्या आसपास होता, २०२४-२५ साठी ११,११,१११ कोटींची तरतूद झाली. ही वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. १२ जानेवारी २०२४ला एका दिवसात अटल सेतू, उरणपर्यंतची लोकल आणि दिघा गाव स्थानक सुरू झालं. पण याच पट्ट्यात दुसरी बाजूही दिसते. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात उतरावंच लागू नये यासाठी तो आहे. म्हणजे आम्ही जो फलाट रुंद करत होतो, त्यावरची गर्दी मुळातच कमी करणारं ते काम. त्यातलं दिघा स्थानक झालं, पण मार्गातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर पुढचं घोडं अडलं. मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे आपलं काम तीन दिवसांत कसं होतंय?” माझं उत्तर अजूनही तेच आहे. इथे जागा रेल्वेची होती, रूळ रेल्वेचे होते, तयारी आधी झाली होती आणि कुणीतरी ६३ तास गाड्या थांबवायचा निर्णय घेतला. जिथे माणसांना घर द्यायचं असतं, तिथे तेवढीच तयारी घराची करायला हवी. ती होत नाही.

रविवारी दुपारी माझी मापं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा तपासली, लाइन फिट असल्याची सही झाली, आणि पहिली गाडी वेगमर्यादा पाळत सावकाश आत आली. लोकसभेची आचारसंहिता चालू होती, मतमोजणी दोन दिवसांवर. मंडप नाही, फीत नाही. दार उघडलं, लोक उतरले आणि फलाट वापरात आला. मला ते फार आवडलं. तयार झालेली सोय त्याच दिवशी लोकांना मिळावी, त्यासाठी कुणाच्या तारखेची वाट बघावी लागू नये.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. माणसं खरंच मागे उभी होती, पिवळी रेषा मोकळी दिसत होती. पण गाडी रिकामी झाली की सगळे त्याच जिन्याकडे वळत होते, आणि जिना होता तेवढाच होता. रुंद फलाटावरची गर्दी आता त्याच्या तोंडाशी येऊन दाटत होती.

जिन्यावरच्या गर्दीने काय होतं हे २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात दिसलं. २३ माणसं गेली. तोवर स्थानकावरचा पहिला पूल आवश्यक धरला जाई आणि त्यानंतरचे ‘प्रवासी सुविधा’ या खर्चाच्या शीर्षाखाली जात. त्या चेंगराचेंगरीनंतर रेल्वेने पादचारी पूल सुरक्षेच्या कामात घेतले. कोणतं काम कोणत्या शीर्षाखाली आहे, यावर ते यंदा होणार की राहणार हे ठरतं. म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पासोबत रेल्वेचं पिंक बुक, म्हणजे कामांची आणि त्यांच्या रकमांची यादी, आलं, की मी आधी मध्य रेल्वेच्या पानांवर ठाण्याच्या पुलांच्या आणि जिन्यांच्या ओळी शोधते, आणि समोर किती रक्कम लिहिली आहे ते वहीत उतरवून मुकादमांना फोन करते.